नांव, गांव आणि मत

नाटक सुटल्यावर घरीं परततांना वाटेंत जें बोलणें होतें त्याचा इतिहास कोणी लिहीत नाहीं. नाटककाराचें चरित्र होतें, नटाचें होतें, मंडळीच्या नफ्यातोट्याचे हिशेबसुद्धां एखादा संशोधक धुंडाळून काढतो. पण "दुसरा अंक फारच लांबला बुवा" किंवा "नायिकेला शेवटीं मारावयास नको होतें" असें जें हजारों तोंडांनीं बोललें जातें, तें वाऱ्यावर विरून जातें. आम्हांस त्यांत फारसें वावगें वाटत नाहीं. सहज उच्चारलेल्या मताचा जन्मच मुळीं विरून जाण्यासाठीं असतो. परंतु गेल्या शंभर वर्षांत एका देशांत, आणि तेंही विद्वानांनीं ज्यास बरेच दिवस पंक्तीला घेतलें नाहीं अशा वाङ्मयाच्या बाबतींत, या सहज मतांनीं मोठीच उलथापालथ करून दाखविली. अमेरिकेंतील विज्ञानकथांचीं स्वस्त मासिकें, चित्रकथांच्या चोपड्या आणि पुढें टेलिव्हिजनवरील मालिका यांच्या चाहत्यांची ती हकीकत आहे. ज्यांच्या घरांतील मुलें अशा गोष्टींविषयीं तासन्‌तास वाद घालतात, आणि ज्यांस त्या वादाचा कंटाळा येतो, त्यांनीं तरी ती ऐकून ठेवावी.

चाहत्यांचा पत्रव्यवहार आपल्याकडे अगदींच अपरिचित होता असें नाहीं. बाबूराव पटेल यांनीं मुंबईस १९३५ सालीं ‘फिल्मइंडिया’ हें इंग्रजी मासिक काढलें. त्यांतील वाचकांच्या प्रश्नोत्तरांच्या सदरानें त्यांस मोठी प्रसिद्धि मिळवून दिली. परंतु तेथें वाचकानें विचारावें आणि संपादकानें फटकारावें असा रिवाज होता. बोलण्याचा सारा रोख संपादकाच्या खुर्चीकडे. आम्ही जी गोष्ट सांगणार आहों तींत ही खुर्ची हळूहळू बाजूला सरते.

ह्यूगो गर्न्सबॅक हा मूळचा लक्झेंबुर्गचा. १९०४ सालीं तो अमेरिकेंत आला, रेडिओचें सामान विकूं लागला आणि त्या सामानाच्या निमित्तानें मासिकें छापूं लागला. एप्रिल १९२६ मध्यें त्यानें ‘अमेझिंग स्टोरीज’ काढलें. केवळ विज्ञानकथांस वाहिलेलें तें पहिलें इंग्रजी मासिक. किंमत २५ सेंट. आरंभीं त्यांत व्हर्न, वेल्स, पो यांच्याच जुन्या कथा पुष्कळशा भरलेल्या असत. १९२७ च्या जानेवारीपासून त्यानें ‘डिस्कशन्स’ या नांवाखालीं वाचकांचीं पत्रें छापावयास प्रारंभ केला. या योजनेच्या मुळाशीं कांहीं उदात्त हेतु असेल असें आम्हांस वाटत नाहीं. लेखकांचे पैसे चुकते करण्याच्या बाबतींत गर्न्सबॅकचा लौकिक मुळींच चांगला नव्हता, आणि वाचकांच्या पत्रांनीं पानें भरलीं म्हणजे कोणास कांहीं द्यावें लागत नाहीं, हा हिशेब त्याच्यासारख्या व्यापाऱ्यास न कळता तरच नवल. पण पत्र छापतांना खालीं लिहिणाराचें नांव, घराचा क्रमांक, रस्ता आणि गांव हें सगळें छापण्याची पद्धत पडली, आणि तेथून पुढच्या सर्व गोष्टी घडल्या.

याचा परिणाम काय झाला तो पाहण्यासारखा आहे. एखाद्या लहानशा गांवीं असल्या कथा वाचणारा मुलगा एकटाच असावयाचा. घरांत थट्टा, शाळेंत थट्टा. त्यानें भीत भीत पत्र टाकलें कीं अमक्या कथेंतील चंद्रावरच्या प्रवासाचें गणित चुकलें आहे. तें छापून आलें, आणि पंधरा दिवसांत अनोळखी गांवाहून त्यास पत्र आलें कीं तुमचेंच गणित चुकलें आहे. संपादकास मध्यें पडण्याचें कारणच उरलें नाहीं. लवकरच शहरोशहरीं मंडळें निघालीं. त्यांतील एकानें आपलें नांवच ‘सायन्स करस्पाँडन्स क्लब’ असें ठेविलें होतें, आणि त्याच्या वतीनें १९३० च्या मे महिन्यांत ‘द कॉमेट’ ही घरगुती पत्रिका निघाली. न्यूयॉर्कमध्यें १९२९ च्या अखेरीस ‘सायन्सिअर्स’ नांवाचें मंडळ स्थापन झालें. त्याचा पहिला अध्यक्ष वॉरन फिट्झजेराल्ड हा कृष्णवर्णी असून मंडळाच्या आरंभींच्या बैठका हार्लेम भागांतील त्याच्या घरीं भरत. त्या काळच्या अमेरिकेंत गोऱ्या मुलांनीं अशा घरीं जाऊन बसावें ही सामान्य गोष्ट नव्हती. पत्राच्या अक्षरावरून कातडीचा रंग कळत नाहीं, एवढाच काय तो याचा उलगडा आम्हांस करतां येतो.

या घरगुती पत्रिका कशा निघत हेंही सांगितलें पाहिजे. छापखाना कोणास परवडणार? ज्याच्यापाशीं सायक्लोस्टाइलचें यंत्र असे तो भाग्यवान. इतरांसाठीं हेक्टोग्राफ होता: जिलेटिनच्या थरावर जांभळ्या शाईचा मजकूर उठवावयाचा, त्यावर एकेक कागद दाबून उचलावयाचा, आणि पन्नासएक प्रती निघाल्या कीं अक्षरें फिकट होत होत दिसेनाशीं व्हावयाचीं. अशा पत्रिकेस वर्गणीदार ते किती! त्यामुळें पुढें एक मोठा गोड प्रघात पडला. पुष्कळ पत्रिका पैशांनीं मिळत नसत. मागच्या अंकाविषयीं आपलें मत सविस्तर लिहून पाठविलें म्हणजे पुढचा अंक फुकट मिळे. मत हेंच नाणें होतें. आणि नाणें खोटें निघालें, म्हणजे नुसतें "अंक छान आहे" एवढेंच लिहिलें, तर पुढचा अंक येईलच असा भरंवसा नसे. या पत्रिकांस ‘फॅनझीन’ हें नांव १९४० सालीं रस शोव्हने यानें दिलें. हा नामांकित बुद्धिबळपटु लहानपणींच बहिरा झाला होता. संभाषणाचें सुख ज्यास कानांनीं मिळूं शकत नव्हतें त्यानेंच या कागदी संभाषणाचें बारसें करावें, यांत आम्हांस एक औचित्य दिसतें.

क्लीव्हलंड शहरीं जेरी सीगल हा असाच एक पत्रलेखक मुलगा होता. त्यानें शाळेंतील मित्र जो शूस्टर याच्या साहाय्यानें १९३२ सालीं ‘सायन्स फिक्शन’ नांवाची सायक्लोस्टाइल केलेली पत्रिका काढली. १९३३ च्या जानेवारीच्या अंकांत टोपण नांवानें त्यानें एक कथा लिहिली, शूस्टरनें चित्रें काढलीं. तिचें नांव होतें ‘द रेन ऑफ द सुपरमॅन’. त्यांतला सुपरमॅन टक्कल पडलेला दुष्ट मनुष्य आहे. पुढें या दोघांनीं त्याचा सज्जन केला, त्यास झगा दिला, आणि अनेक ठिकाणीं नकार ऐकल्यानंतर १९३८ सालीं तो प्रकाशकास विकला. किंमत आली दोघांत मिळून १३० डॉलर. त्यांत त्या पात्रावरील हक्कही गेला. जगांतील लक्षावधि मुलांनीं ज्याच्या चोपड्या वाचल्या त्याच्या जनकांस म्हातारपणीं पेन्शनीसाठीं झगडावें लागलें, व तें १९७५ च्या अखेरीस मिळालें. सांगावयाचें तें हें कीं सुपरमॅन हा प्रकाशकाच्या कचेरींत जन्मला नाहीं, एका चाहत्याच्या जांभळ्यानिळ्या शाईच्या धंद्यांत जन्मला.

आतां या चाहत्यांचें केवळ कौतुकच करीत बसलों तर तो इतिहास होणार नाहीं. ज्यांस जगानें वाळींत टाकलेलें असतें ते आपल्या अंगणांत स्वतःच दुसऱ्यांस वाळींत टाकूं लागतात, हा अनुभव येथेंही आला. २ जुलै १९३९ रोजीं न्यूयॉर्कमध्यें विज्ञानकथांच्या चाहत्यांचें पहिलें जागतिक संमेलन भरलें. हजर सुमारें दोनशें माणसें. आणि त्यांतही व्यवस्थापकांनीं सहा जणांस दारांतूनच परत लावलें, कारण ते गडबड करतील अशी भीति! परत गेलेल्यांत फ्रेडरिक पोल आणि सिरिल कॉर्नब्लूथ हे होते. या वाङ्मयाच्या पुढील इतिहासांतून त्यांचीं नांवें काढतां यावयाचीं नाहींत. त्यांचा मित्र आयझॅक ॲसिमॉव्ह मात्र आंत शिरला. हा एकोणीस वर्षांचा ॲसिमॉव्ह त्या सुमारास मासिकांतून तावातावानें पत्रें लिहीत असे, आणि त्यांतलें त्याचें एक आवडतें मत असें कीं विज्ञानकथांत बायका व प्रेमप्रकरणें नकोत. ज्यास आपण पुढें थोर म्हणतों त्याचीं एकोणिसाव्या वर्षींचीं मतें पत्त्यासह छापून राहिलीं आहेत. बाकीच्यांचें दैव थोर कीं त्यांचीं मतें ओसरीवरच विरून गेलीं.

चित्रकथांवर खरें संकट आलें तें १९५४ सालीं. फ्रेडरिक वर्थम हा मानसरोगांचा तज्ज्ञ. हार्लेममध्यें गरीब कृष्णवर्णीयांसाठीं त्यानें १९४६ सालीं रुग्णालय चालू केलें होतें, तेव्हां त्याच्या कळवळ्याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. त्यानें ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हें पुस्तक लिहून चित्रकथांमुळें मुलें गुन्हेगार बनतात असें प्रतिपादन केलें. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें सेनेटच्या उपसमितीपुढें चौकशी झाली. भयकथांच्या ‘ईसी’ कंपनीचे प्रकाशक विल्यम गेन्स यांची साक्ष त्यांत भलतीच अंगाशीं आली. मग प्रकाशकांनीं घाबरून स्वतःच एक नियमावली करून घेतली, आणि भयकथांचा धंदा बुडाला. या भीतीची लाट आपल्यापर्यंतही पोंचली होती. मुलांस हानिकारक अशा प्रकाशनांविषयींचा कायदा आपल्या संसदेनें १९५६ सालीं केला, हें फार थोड्यांच्या ध्यानांत असेल.

या सगळ्या गदारोळांत मुलांस कोणी विचारलें नाहीं, पण मुलें बोललीं. गेन्सच्या कंपनीनें आपल्या वाचक-मंडळास कळविलें कीं तुमचें म्हणणें समितीस लिहून धाडा; आणि मुलांनीं वेड्यावांकड्या अक्षरांत खरोखरच सेनेटरांस पत्रें लिहिलीं. निकालावर त्यांचा परिणाम शून्य झाला. तीं दफ्तरांत पडून राहिलीं, आणि पुढें कॅरल टिली या संशोधिकेनें तीं वाचलीं. याच बाईंनीं वर्थमचीं खासगी टिपणेंही तपासलीं, आणि २०१२ सालीं दाखवून दिलें कीं मुलांच्या म्हणून पुस्तकांत दिलेल्या हकीकतींत त्यानें सोयीस्कर फेरफार केले होते. म्हणजे समितीनें ज्यास पुरावा मानलें त्यांत मुलांच्या तोंडचे शब्द बदललेले होते, आणि मुलांनीं स्वतःच्या हातानें लिहिलेले शब्द दफ्तरांत बांधलेले होते.

वर्थमच्या बाबतींत आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९७३ सालीं, आयुष्याच्या उतरणीस लागल्यावर, त्यानें एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें: ‘द वर्ल्ड ऑफ फॅनझीन्स’. चाहत्यांनीं त्याच्याकडे धाडलेल्या पत्रिका वाचतां वाचतां त्यास त्या आवडूं लागल्या होत्या. पैशासाठीं न लिहिलेलें, कोणाच्या हुकमाबाहेरचें असें हें निरोगी संभाषण आहे, असा त्यानें निर्वाळा दिला. त्या वर्षीं त्यास न्यूयॉर्कच्या चित्रकथा-संमेलनांत बोलाविलें, तेव्हां श्रोत्यांनीं त्याचें स्वागत रागानेंच केलें. चाहत्यांची स्मरणशक्ति फार तीव्र असते. क्षमाशीलता तितकी नसते.

आतां जरा मागें जाऊं. सायन्सिअर्स मंडळांत ज्यूलियस श्वार्ट्झ नांवाचा मुलगा होता. १९३२ सालीं मित्रांसह त्यानें ‘द टाइम ट्रॅव्हलर’ ही पत्रिका काढली होती. हाच श्वार्ट्झ १९४४ पासून सुपरमॅनच्या प्रकाशकांकडे संपादक झाला, आणि १९५६ सालीं त्याच्या देखरेखीखालीं ‘फ्लॅश’ या बंद पडलेल्या जुन्या वीराचें पुनरुज्जीवन झालें. पुढें आपल्या चोपड्यांत त्यानें वाचकांचीं पत्रें घेण्यास सुरुवात केली, आणि बालपणींची आठवण ठेवून पत्राखालीं संपूर्ण पत्ता छापला. इतिहासाची पुनरावृत्ति होते असें म्हणतात. येथें ती एका माणसानें जाणूनबुजून केली.

फळ लगेच मिळालें. डेट्रॉइटमधील जेरी बेल्स हे महाविद्यालयांत विज्ञान शिकवीत. मिसूरी प्रांतांत रॉय टॉमस हा तरुण होता. दोघांनाही बालपणीं वाचलेल्या एका वीरमंडळाच्या कथांचा ध्यास. टॉमसनें त्या कथांचे लेखक गार्डनर फॉक्स यांस पत्र लिहिलें. फॉक्सनीं त्यास बेल्सचा पत्ता दिला. १९६१ च्या फेब्रुवारींत बेल्स न्यूयॉर्कला श्वार्ट्झच्या भेटीस गेले, त्यानें त्यांस आपल्या तरुणपणच्या पत्रिकांविषयीं सांगितलें, आणि मार्चमध्यें बेल्स-टॉमस यांच्या ‘ऑल्टर ईगो’चा जांभळ्या अक्षरांचा पहिला अंक निघाला. चार वर्षांनीं टॉमस मार्व्हल कंपनींत लेखक म्हणून रुजू झाला, आणि १९७२ सालीं स्टॅन ली यांच्या जागीं मुख्य संपादक झाला. चाहत्याचा संपादक होण्यास अकरा वर्षें लागलीं.

स्टॅन ली यांची तऱ्हा वेगळी. चूक दाखविणाऱ्या वाचकास ते ‘नो-प्राइझ’ नांवाचें बक्षीस जाहीर करीत. पुढें पुढें तें टपालानें येऊं लागलें, आणि तें म्हणजे एक रिकामें पाकीट असे! मुलें तें पाकीट जपून ठेवीत. त्यांच्या ‘फँटास्टिक फोर’च्या १९६३ च्या नोव्हेंबरच्या अंकांत न्यू जर्सींतील बेयॉन गांवच्या एका शाळकरी मुलाचें स्तुतीनें ओसंडणारें पत्र छापून आलें. खालीं पत्ता होता, म्हणून इतर चाहत्यांनीं त्यास आपापल्या पत्रिका धाडल्या. त्या वाचून त्यानें त्यांत कथा लिहिण्यास आरंभ केला. त्या मुलाचें नांव जॉर्ज मार्टिन. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका त्याच्याच कादंबऱ्यांवरून निघाली.

चित्रपटांच्या बाबतींत असाच प्रकार फ्रान्समध्यें झाला, तो येथें ओझरताच सांगतों. फ्रांस्वा त्र्यूफो यानें १९५४ च्या जानेवारींत ‘काय्ये द्यु सिनेमा’ या मासिकांत प्रतिष्ठित फ्रेंच चित्रपटांवर जो लेख लिहिला तो एकवीस वर्षांच्या, चित्रपटगृहांत वाढलेल्या पोराचा संताप होता. पांच वर्षांनीं त्याच्या पहिल्या मोठ्या चित्रपटास कान येथें दिग्दर्शनाचें पारितोषिक मिळालें. पण फ्रेंचांचें सारेंच विद्वत्तेच्या वाटेनें जातें. टपालाचा पत्ता तेथें इतका महत्त्वाचा नव्हता.

टपालाचें सामर्थ्य पराकोटीस पोंचलें तें टेलिव्हिजनवर. ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजीं एनबीसीवर सुरू झाली. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ती बंद होणार अशी कुणकुण लागतांच बीजो ट्रिंबल आणि त्यांचे पति जॉन यांनीं घरांतून मोहीम उभारली. सूचना अशी कीं छापील मजकूर धाडूं नका. प्रत्येकानें स्वतःच्या शब्दांत लिहावें, आणि आणखी दहा जणांस लिहावयास सांगावें. १९६८ च्या जानेवारींत विद्यार्थ्यांनीं मशाली घेऊन कंपनीच्या कचेरीवर मोर्चाही नेला. पत्रें आलीं लाखाच्या वर. १ मार्च १९६८ रोजीं कंपनीनें चालू कार्यक्रमाच्या शेवटीं जाहीर केलें कीं मालिका बंद होत नाहीं. मालिकेचा निर्माता रॉडनबेरी याची या मोहिमेस आंतून मदत होती हें मागाहून उघडकीस आलें. पण लाखभर पत्रें कांहीं त्यानें लिहिलीं नव्हतीं. पुढें कंपनीनें शुक्रवारीं रात्रीं दहाची अडचणीची वेळ देऊन १९६९ सालीं मालिका एकदांची संपविलीच. चाहते मात्र संपले नाहींत. १९७६ सालीं अमेरिकेच्या पहिल्या अंतराळ-शटलास ठरलेलें नांव बदलून मालिकेंतील यानाचें ‘एंटरप्राइझ’ हें नांव देण्यांत आलें, तें पत्रांच्याच जोरावर.

आणि हीं पत्रें, या पत्रिका पुष्कळ अंशीं स्त्रियांच्या हातच्या होत्या. स्टार ट्रेकवरील पहिली पत्रिका ‘स्पॉकनेलिया’ १९६७ सालीं दोन स्त्रियांनींच काढली. तरुण ॲसिमॉव्हला ज्यांचा कथेंत वावर नको होता त्यांनीं मालिकाच वांचवून दाखविली! १९७३ सालीं पॉला स्मिथ यांनीं आपल्याच मैत्रिणींच्या कथांतील सर्वगुणसंपन्न नायिकांची थट्टा करण्यासाठीं ‘मेरी सू’ नांवाची साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट निर्माण केली. घरांतली ती थट्टा पुढें बाहेर गेली, आणि कोणतीही कर्तबगार नायिका दिसली कीं तिच्यावर तें नांव फेकण्याची खोड लोकांस लागली. मत एकदां घराबाहेर पडलें कीं कोणाच्या हातीं शस्त्र होऊन पडेल सांगवत नाहीं.

यानंतरचा प्रकार आम्हांस सांगावासा वाटत नाहीं, पण सांगितला पाहिजे. १९८८ सालीं ‘बॅटमॅन’च्या एका अंकाच्या शेवटीं स्फोट होतो, बॅटमॅनचा साथीदार रॉबिन, त्या वेळचा जेसन टॉड, त्यांत सांपडलेला. अंकांत टेलिफोनचे दोन क्रमांक दिले होते: एक त्यास जगविण्यासाठीं, दुसरा मारण्यासाठीं. प्रत्येक फोनास ५० सेंट. १५ व १६ सप्टेंबरला छत्तीस तास फोन चालू होते. मारा म्हणणारे ५,३४३, जगवा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनीं एक मुलगा मेला. कागदावरचाच, हें खरें. पण पूर्वीं "नायिकेला मारूं नका" असें सांगण्यासाठीं जो मनुष्य बसून पत्र लिही, त्यास कां हें लिहावें लागे, खालीं नांव घालावें लागे, आणि उलट उत्तर आलें तर तें सोसावें लागे. येथें कारण नाहीं, नांव नाहीं, गांव नाहीं. एकानें कितीही वेळां फोन केला तरी अडविणारा कोणी नाहीं. प्रकाशकास मतें मिळालीं आणि पैसेही मिळाले. याचा दोष आम्ही चाहत्यांस देत नाहीं. त्यांस जें विचारलें त्याचें उत्तर त्यांनीं दिलें.

२००२ सालीं याच प्रकाशकांनीं आपल्या चोपड्यांतील वाचकांच्या पत्रांचें सदर बंद केलें. पुढें तें कोठें कोठें परत आलें, पण पत्राखालीं घराचा क्रमांक छापण्याचे दिवस गेले होते. त्यास कारणेंही रास्त आहेत. आज आपल्या मुलाचा पत्ता असा छापून यावा असें आमच्यांतील कोणाला तरी वाटेल काय?

श्वार्ट्झ २००४ सालीं वारला. त्याच्या संपादकीच्या काळांत चित्रकथेचीं मूळ हातचीं पानें, छपाई झाली कीं, कचेरींत रद्दी समजलीं जात. कित्येक फाडून जाळण्यांत गेलीं. श्वार्ट्झ त्यांतलीं कांहीं उचलून ठेवी, आणि ज्या वाचकाचें पत्र अंकांत सर्वांत सरस ठरे त्याच्या छापलेल्या पत्त्यावर बक्षीस म्हणून धाडून देई. त्या काळच्या मूळ चित्रांपैकीं जीं थोडींफार आज पाहावयास मिळतात, त्यांतलीं कांहीं अशाच पत्रलेखक मुलांच्या घरीं कपाटांत राहिलीं म्हणून उरलीं आहेत.